हर्षाची अँबेसेडर

आनंदरावांनी उभं आयुष्य भंडाऱ्यात साहेबांची गाडी चालवण्यात घालवलं. दार उघडायचं, दार लावायचं, मागे वळून बघायचं नाही. निवृत्त होऊन आपल्या गावी, सानगडीला परतले ते मात्र स्वतःची जुनी पांढरी अँबेसेडर घेऊन. त्यांनी बायकोला, धुरपताबाईला, मागच्या सीटवर बसवलं आणि ज्या आळीतून त्यांच्या वडिलांना वहाणा हातात घेऊन जावं लागे, त्याच आळीतून हॉर्न वाजवत गाडी फिरवली.

मागच्या उन्हाळ्यात ते वारले. जाताना सांगून गेले, घर मुलाचं, अंकुशचं; गाडी मुलीची, हर्षाची.

हर्षा साकोलीच्या एका दवाखान्यात नर्स. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर वस्तीच्या टोकाला दोन खोल्या बांधून राहत होती. गाडी भावाच्या गोदामातच होती. गाडी चालवता येत नव्हती, पण सांभाळायची कशी ते वडिलांकडे बघून ठाऊक होतं. पावसाळ्यापूर्वी तिनं बॅटरी काढून घरी नेली, टाकीतलं पेट्रोल उपसलं, टायर बसू नयेत म्हणून गाडी ओंडक्यांवर चढवली. ताडपत्रीखाली ओल धरून पत्रा गंजतो, म्हणून जुन्या सुती चादरी जोडून खोळ शिवली.

"म्हातारीले दुलई शिवून राहिली का?" अंकुश हसला.

"हो. तुले थंडी वाजत असन तं तुलेही शिवतो."

दिवाळीनंतर धान निघालं. हर्षा आठवडाभर ड्युटीवर अडकली आणि अंकुशनं गाडीभोवती छतापर्यंत पोती रचली. धानामागे उंदीर आले. हर्षानं खोळ उचलली तर बॉनेटखाली वायरींचे तुकडे पडलेले आणि मागच्या सीटच्या काथ्यात उंदराची पिल्लं.

"भंगारवाला उद्या येऊन राहिला," अंकुश म्हणाला. "धान ठेवू का हा डब्बा ठेवू? बाईमाणसानं गाडी ठेवून करायचं काय?"

"गाडी माही आहे. त्याले सांग, येऊ नोको."

"गोदाम माहं आहे."

"मंग तुह्या गोदामात नाही ठेवत."

तिनं तिथूनच शेजारच्या मंदाबाईला हाक मारली; ती आणखी चार-सहा जणींना घेऊन आली. वस्तीतल्या बाया धानाच्या रोवणीचं काम करून दणकट झालेल्या. त्यांनी आधी पोती बाजूला केली, मग गाडी ओंडक्यांवरून उतरवली, चाकांत हवा भरली. हर्षा स्टिअरिंगला, बाकीच्या मागून. धुरपताबाई ओसरीवरून उतरल्या आणि डिक्कीला खांदा लावून उभ्या राहिल्या.

"माय, तू कायले?" अंकुश ओरडला.

"माह्या नवऱ्याची गाडी आहे," त्या म्हणाल्या. "सरक तिकडं."

भर दुपारी गाडी ढकलत त्या गावातून निघाल्या. पारावरची माणसं हसत होती. बायांनी एकदाही मान खाली घातली नाही.

हर्षानं अंगणात पत्र्याची शेड घातली. साकोलीचे तुलाराम मिस्त्री येऊन नवीन वायरिंग करून गेले. सुटीच्या दिवशी धानाची कापणी झालेल्या बांधीत ती गाडी शिकली. दोनदा शेताच्या कडेच्या धुऱ्यावर चढवली, एकदा बाभळीला घासली. लायसन्स हातात आल्यावर, वडिलांच्या वेळेचं आरटीओचं पासिंग संपत आलं होतं म्हणून, आईला पुढच्या सीटवर घेऊन थेट भंडाऱ्याला निघाली.

तपासणीत गाडी पास झाली. परतताना लाखनीजवळ मात्र इंजिन तापून बंद पडलं. टपरीवरून दोन माणसं उठून आली.

"बाई, सोबत कोणी माणूस नाही का?"

"माय आहे न."

"इकून टाका हो. कायले जीव जाळता?"

हर्षानं बॉनेट उघडलं, ओला फडका इंजिनाच्या बाजूच्या छोट्या पेट्रोल पंपावर ठेवला आणि सावलीत उभी राहिली. "तुमी चहा प्या, भाऊ. थंड झाली का जाईन आमची गाडी."

इंजिन निवायला बराच वेळ लागला. मग एका दमात सुरू झालं.

संध्याकाळी अंकुश शेडपाशी येऊन थांबला. "झाली पास?"

"झाली. आता पाच वर्षं माह्यासमोर इकायची गोष्ट काढू नोको."

तो तिथंच रेंगाळला. हर्षानं खोळीचं एक टोक त्याच्याकडे फेकलं. "उभा कायले आहे? वढ तिकडून."

त्यानं ओढलं.