टाचणीसाठी काडी

माझी मावशी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरी धुते. तिने एकदा मनावर घेतलं की संपलं. लॉन्ड्रीमागच्या हौदाला तिथल्या साहेबांनी गुळगुळीत फरशा बसवल्या आणि पाण्यातलं सगळं गवत उपटून टाकलं. आम्ही त्यांना चकाचकसाहेब म्हणतो.

"आता टाचण्या बाहेर कशा येणार?" मावशी चिडली.

टाचणी म्हणजे चतुरासारखाच, पण सुईसारखा बारीक उडणारा किडा. तिची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खाऊन वाढतात. त्यांच्या शेपटीला इवल्या पानांसारखे तीन कल्ले असतात. मोठी झाली की ती गवताच्या एखाद्या दांड्यावर चढून पाण्याबाहेर येतात, कात टाकतात आणि पंख पसरून उडतात. फरशीवरून मात्र ती घसरून पडत होती.

मावशीने खराट्याच्या काड्या दगडांना बांधून हौदात उभ्या केल्या. साहेबांनी काढल्या. तिने पुन्हा लावल्या. आठवडाभर हेच चाललं.

मी म्हटलं, "मावशी, नोकरीवर बेतेल."

"बेतू दे. खराटा माझा आहे."

एका सकाळी साहेबांनी तणतणत काडी उपसली आणि ते थबकले. काडीवर टाचणी कातीतून निम्मी बाहेर आली होती. अंग फिकट, ओलं, पंख चुरगळलेले.

"आता हलू नका," मावशी म्हणाली. "पंख वाकडे वाळले तर ती कधीच उडणार नाही."

साहेब काडी धरून उभे राहिले. पंख हळूहळू ताणले गेले आणि पाठीवर मिटले. शिपाई बोलवायला आला, त्याला साहेबांनी नजरेनेच परत पाठवलं.

टाचणी उडाली तेव्हा मावशीने हात पुढे केला. साहेबांनी काडी दिली नाही. वाकून स्वतःच हौदात उभी केली, आणि जरा तिरकी वाटली म्हणून पुन्हा सरळ केली.