नाडी आणि अर्ज

आमचे डॉक्टरसाहेब राज्याचे ज्येष्ठ मंत्री झाले, तरी हात मिळवताना त्यांची बोटं अजून समोरच्याच्या मनगटावर सरकतात. एका हातात अर्ज, दुसऱ्यात नाडी! अर्जाला म्हणतात, "बघू." नाडीला मात्र कधीच नाही.

गेल्या वर्षी रेवदंड्याच्या सभेत एक कोळीण मासळी सुकवायच्या ओट्यासाठी सातव्यांदा अर्ज घेऊन आली. साहेबांनी मनगट धरलं आणि त्यांचं हसू मावळलं.

"मावशी, छातीत दुखतंय?"

"सकालपासून दुखतंय. तू ओट्याचं बोल!"

"माझी गाडी आणा. यांना आत्ता अलिबागला न्या!"

हारवाले हार धरून उभेच राहिले. मावशी गाडीत बसेना. "आधी सही कर. मी मेली तं परत कोन येल?"

साहेबांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. मावशी वाचली, ओटाही झाला.

तेव्हापासून अर्जदार छातीवर हात ठेवूनच रांगेत उभे राहतात. आमच्या गल्लीतल्या रस्त्यासाठी मीही थोडी धाप लावून पाहिली. साहेबांनी शांतपणे नाडी धरली.

"ठणठणीत आहात," ते म्हणाले. "अर्ज बघू."