बाबांच्या दुबार नोंदी

बाबा ठाण्याच्या कोर्टातून निवृत्त झाले. आवक-जावकचं टेबल सांभाळायचे. कालचाच कागद आज परत आला तरी नवी नोंद करायची, ही त्यांची शिस्त. "नोंद झाली की माणूस विसरायला मोकळा," म्हणायचे. इंटरनेटवरचे बुकमार्कही तसेच जपायचे. एकच पान दहादा, आणि दर वेळी नावाच्या जागी स्वतःचा नवा शेरा. मला त्या पसाऱ्याचा भयंकर राग यायचा.

ते गेल्यावर तीनेक महिन्यांनी आई म्हणाली, "अगं, त्यांचं ते भजनांचं वगैरे माझ्या टॅबवर टाकून दे ना. पण एकेकच हां, तो गोंधळ नको."

रविवारी दुपारी डोंबिवलीच्या घरी, त्यांच्याच खुर्चीत बसून मी बुकमार्कची फाइल काढली. प्रत्येक वेबपानाच्या पत्त्यासोबत शेरा आणि जपल्याची तारीख. वीस मिनिटांत छोटा प्रोग्राम लिहिला: पत्ता तोच असेल तर पहिली नोंद ठेव, बाकीच्या काढ, काढलेल्या नोंदी स्क्रीनवर दाखव. शेरे तपासायची गरज मला वाटली नाही.

नोंदी सरकू लागल्या. भजनं, पेन्शनचा अर्ज, गुडघ्याचे व्यायाम. मला हसू येत होतं. मग एकच नकाशा पुन्हा पुन्हा येऊ लागला, ठाण्याहून आमच्या घरी येण्याचा. फाइलमध्ये त्याची पहिली नोंद उरली होती: "घर." बाकीच्या काढलेल्यांत होत्या.

"घर. माजिवड्याहून."

"घर. रिक्षावाल्यास फोनवर हे दाखवणे."

"घर. विठ्ठलवाडी आल्यास पुढे आलो असे समजावे. परत फिरणे."

आणि शेवटची: "घर. मुलीस विचारू नये. कामात असते."

त्या तारखेचा फोन मला आठवला. "अगं, आपण स्टेशनच्या कुठल्या बाजूला उतरतो गं?" असं त्यांनी विचारलेलं. मी खेकसले होते, "बाबा, तीस वर्षं राहताय तिथे! मीटिंगमध्ये आहे मी." मला वाटलं, थट्टा करतायत. त्यानंतर त्यांनी कधीच काही विचारलं नाही. उशीर झाला की म्हणायचे, "मित्राकडे बसलेलो."

माझी मलाच किळस आली. अजूनही स्टेशनच्या पुलावर कुणी म्हातारा इकडेतिकडे बघत थांबलेला दिसला की माझा पाय पुढे पडत नाही. पाठमोरा असला तर तो बाबाच वाटतो.

मूळ फाइल मी वेगळी ठेवली. साफ केलेली आईच्या टॅबवर टाकली. तिने चष्मा लावून यादी वाचली.

"हे घर कशाला गं यात? मला काय माझं घर ठाऊक नाही?"

"असू दे," मी म्हटलं. "आणि कधी काही अडलं, तर मला फोन कर. मीटिंगमध्ये असले तरी कर."

"नको गं बाई," आई यादीवरून नजर न काढता म्हणाली. "तू चिडतेस."