शिवणीतली माया

माझ्या धाकट्या भावाच्या अंगावर सैल कपडा कुणी पाहिला नाही. शिंपीच तो. बाजारात एका जिन्याखाली त्याचं मशीन होतं आणि गिऱ्हाईक त्याच्याच सदऱ्याकडे बोट दाखवून म्हणायचं, "अस्साच शिवा."

बांधा अण्णांचा, म्हणजे आमच्या वडिलांचाच, चांगला ऐसपैस. पण स्वतःची ढेरी सांभाळत अण्णा चारचौघांत त्याला 'भोपळ्या' म्हणून हाक मारायचे. सगळे हसायचे. मिसरूड फुटलं, लग्न झालं, तरी भोपळ्याच. तोही हसायचा.

पस्तिशी उलटली आणि तो वाळायला लागला. जेवला की मोरीत जाऊन नळ सोडायचा. नळाच्या आवाजाआडून ओकाऱ्या ऐकू यायच्या. भावजय माझ्यापाशी रडली, "वन्सं, अहो, ते पोटात काही ठेवतच नाहीत."

मी त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर हसला. "असली थेरं कॉलेजातल्या पोरी करतात हो. पुरुषमाणसाला कसला आलाय हा आजार? कपडे तर झकास बसलेत अंगावर!"

घरी अण्णांनी पाठीवर थाप मारली. "आता कुठे माणसात आला भोपळ्या." तो केवढा खूश झाला! मला मात्र डॉक्टरच्या आणि अण्णांच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला.

कपडे बसणारच. रोज काम सुरू करण्याआधी तो टेपने स्वतःची कंबर मोजायचा. अंग आटलं की शिवण आणखी आत घ्यायचा.

एका दुपारी तो मशीनवरच कोसळला. हृदय थांबलं, दवाखान्यात म्हणाले. उचलताना वॉर्डबॉय चकित झाला. "एवढंच वजन?"

पुढे भावजय त्याचे कपडे वाटून टाकायला निघाली, तर अण्णा म्हणाले, "कापड चांगलं आहे. उसवून बघ जरा." मी उसवायला बसले. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. त्याने कात्री कुठेच लावली नव्हती. सगळं कापड आत दुमडून जपलेलं. पुन्हा अंग भरेल, असं त्याला कुठेतरी वाटत होतं. याचाच मला फार संताप येतो.

आता ते सदरे अण्णा घालतात. पोटावर बटणं व्यवस्थित लागतात. परवा आरशासमोर उभे राहून म्हणाले, "माया भरपूर ठेवली होती गं पोरानं."

मी म्हटलं, "हो अण्णा. त्याने ठेवली होती."