फादरांचं लाइफ जॅकेट

भिगवणला रोहित पक्षी बघायला गेलो, तेव्हा बारामतीच्या चर्चचे फादर आमच्याच होडीत होते. त्यांच्या शेजारी निरवांगीचे एक माळकरी आबा बसले होते. उजनीच्या मधोमध वारा उठला, इंजिन बंद पडलं आणि लाटांचं पाणी आत येऊ लागलं. आबांच्या लाइफ जॅकेटचा पट्टा तुटलेला होता. फादरांनी आपलं जॅकेट काढून त्यांच्या अंगात चढवलं.

"आन् तुमी?" आबा घाबरून म्हणाले.

"मला पोहता येतं. तुम्ही तुमच्या देवाचं नाव घ्या, तोवर मी पाणी उपसतो," म्हणत फादर डोक्यावरच्या हॅटनं पाणी बाहेर फेकू लागले.

थोड्या वेळानं मच्छीमारांची होडी आली. सगळे तिच्यात चढले, तरी फादर मागंच. शेवटी मी हात पुढं केला, तेव्हा ते हळूच म्हणाले, "घट्ट धरा हं, मला पोहता येत नाही."

आबांनी ते ऐकलं. किनाऱ्यावर पोचताच त्यांनी फादरांना धरून ढाब्यावर नेलं आणि चिलापीचं ताट मागवलं. जन्मात मासळीला न शिवलेला तो माणूस स्वतःच्या हातानं तुकडे वाढत होता.

"खोटं बोलताय व्हय फादर? खावा आता गप!"