बर्फातली म्हैस

गोष्ट ऐन रंगात आली, की आमचे सर पुस्तक मिटून टाकायचे. गोष्टीतला माणूस विहिरीच्या काठाला लोंबकळत असो की चोर दाराआड उभा असो, सरांना त्याचं काही देणंघेणं नसे. पानात खूण म्हणून कडुलिंबाची काडी घालायची, पुस्तक वर्गाच्या खिडकीत ठेवायचं आणि विचारायचं, “पुढं काय?” ज्याला चैन पडत नसेल त्यानं खिडकीशी जाऊन स्वतः वाचावं. सर सांगत नसत. शहागडच्या आमच्या शाळेत त्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळ्यांसाठी ते ‘पुढंकाय सर’ होते.

सर मूळचे भोकरदनकडच्या धावड्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. बोलणं अस्सल तिकडचं आणि इंग्रजीही त्याच ठसक्यात. आम्ही इंग्रजीच्या नावानं अंग चोरायला लागलो की म्हणायचे, “घाबरायचं काय त्यात? ती बी कुणाच्या तरी मायची बोली हाय.” मग फळ्याकडे वळून असं काही लफ्फेदार अक्षर काढायचे की भीती जायची आणि हेवा वाटायला लागायचा.

गाइडवर त्यांचा भारी राग. एकदा ‘माझं गाव’ हा निबंध दिला, तर सगळ्या वर्गानं एकाच गाइडमधून उतरवला. प्रत्येकाच्या गावात झुळझुळ वाहणारा ओढा आणि नारळाची उंच झाडं. सरांनी वह्यांचा गठ्ठा काखेत मारला आणि अख्खा वर्ग गोदावरीच्या काठापर्यंत नेला. “चला, दाखवा बरं नारळ.” आम्ही बाभळी दाखवल्या, एक चिंच दाखवली, टायरचं दुकान दाखवलं. “मंग हेच लिहा की. टायरच्या दुकानाला काय इंग्रजी न्हाई का?” त्या दिवशी काठावर बसून आम्ही शहागड पहिल्यांदा नीट पाहिलं, असं मला वाटतं.

आता माझं गुपित सांगते. वर्गात पहिली येणारी, उभी राहून फडाफड धडे वाचणारी मी; पण नववीपर्यंत मला इंग्रजी वाचताच येत नव्हतं. थोरल्या बहिणीचं जुनं गाइड होतं, त्यात प्रत्येक ओळीखाली तिनं उच्चार मराठीत लिहून ठेवलेले. ते मी घोकायचे. परीक्षेतली उत्तरं रांगोळीची नक्षी ध्यानात ठेवावी तशी ठेवून कागदावर उतरवायचे. बाबा चहाच्या टपरीवर बसून जो भेटेल त्याला सांगत, “आमची सुनीता इंग्रजी पेपरसारखं वाचती.” ते कानावर आलं की मी वाट बदलायचे. कधी ना कधी पितळ उघडं पडणार आणि बाबांची मान खाली जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तो दिवस एका पोस्टमननं आणला. सर एका जुन्या इंग्रजी वाचनमालेतली गोष्ट वाचत होते. दूर थंड मुलुखातला म्हातारा पोस्टमन, थैलीत एका आजारी बाईच्या मुलाचं पत्र, समोर गोठलेली नदी. अर्ध्यात पोचल्यावर पायाखाली बर्फ कडकन तडकतो. सरांनी पुस्तक मिटलं. “पुढं काय?” वर्ग एका सुरात म्हणाला, “सुनीताला पाठवा, ती जल्दी वाचती.”

मी खिडकीशी गेले. काडी काढली, पान उघडलं. मुंग्यांची रांग बघावी तशी बघत राहिले. मग पान उलटलं, मान डोलावली आणि वळून खुशाल सांगून टाकलं की पोस्टमननं हाक मारली, काठावरची एक म्हैस पाण्यात उतरली, तो तिच्या पाठीवर बसला आणि शेपटी धरून पलीकडे गेला. नदी गोठली म्हणजे पाणी जरा जास्त गार झालं, एवढीच माझी समजूत. वर्गानं टाळ्या वाजवल्या. सरांनी काडी पुन्हा त्याच पानात घातली.

दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावरच्या वंदनानं मधल्या सुट्टीत बोट ठेवून, अडखळत का होईना, ते पान वाचलं. तास सुरू होताच ती उभी राहिली. “सर, तो पोटावर झोपून, थैली पुढं ढकलत सरपटत गेल्ता. यात म्हैस कुठंच न्हाई.”

माझे कान तापले. सर शांतपणे म्हणाले, “वंदनाचा शेवट पुस्तकातला, सुनीताचा पुस्तकाबाहेरचा. दोन्ही लिहून काढा. कोणता पटला ते बी लिहा.” बहुतेकांना म्हैसच पटली होती. गोदाकाठची पोरं, दुसरं काय होणार.

शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. “तुला वाचता येत न्हाई, हे मला दिवाळीपासून ठाऊक हाय. वाचताना तुझी नजर पानावर नसती, पंख्याकडं असती. तू आपणहून येशील म्हणून वाट बघून राह्यलो व्हतो.”

मी रडायला लागले. “सर, बाबांना सांगू नका.”

“बिलकुल न्हाई. उद्यापासून मधल्या सुट्टीत यायचं. कुणी विचारलं तर म्हण, ग्रंथालयाची पुस्तकं लावून राह्यले.”

ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट. त्याच्याआड बसून मी अक्षरांपासून सुरुवात केली. “बोट ठेव,” सर म्हणायचे, “बोट पुढं गेलं तरच जीभ पुढं जाईल.” महिनाभरानं ते मला कुंपणाशी नेऊ लागले. समोर महामार्ग, आणि जाणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या मागचं वाचायचं. “ट्रक थांबत न्हाई, नजर चालव. सुटला तर सुटू दे, मागून दुसरा येऊनच राह्यला.” कांद्याचा एक ट्रक मी अख्खा वाचला, तेव्हा सरांनी त्याला हात हलवून निरोप दिला. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मी खिडकीशी उभी राहून पोस्टमनची सगळी गोष्ट वाचली. त्या आनंदाच्या तोडीचं मला आजवर दुसरं काही सापडलेलं नाही. बाबांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. ते टपरीवर तेच सांगत राहिले, फक्त आता ते खरं होतं.

आज मी अंबडला इंग्रजी शिकवते आणि गोष्ट रंगात आली की पुस्तक मिटते. पोरं वैतागतात.

सर निवृत्त होऊन धावड्याला गेले. गेल्या दिवाळीत मी त्यांना भेटायला गेले, तेव्हा कळलं की काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेत. दारातच काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, हळूच म्हणाल्या, “पुस्तकं हातात घेऊन नुसते पानं चाळत बसतात.” मी आत जाऊन हाक मारली. सरांनी आवाजावरून ओळखलं. “सुनीता का? ये. ग्रंथालयाची पुस्तकं लावून झाली का?”

फळीवर ती जुनी वाचनमाला होती. मी पोस्टमनची गोष्ट वाचायला घेतली. बर्फ तडकला तिथं थांबले, पुस्तक मिटून खिडकीत ठेवलं. “पुढं काय, सर?”

सर खूश झाले. “पुढं काय म्हणजे? काठावर म्हैस व्हती. उतरली की ती पाण्यात.”

“सर, ती पुस्तकात न्हाई.”

“मला सांगती का? पुस्तकातला शेवट मी साल दर साल वाचला, तुझा एकदाच ऐकला. पण आता डोळे गेल्यावर तो सरपटणारा पोस्टमन काही दिसत न्हाई. म्हैस बराबर दिसती.” मग म्हणाले, “आता पुस्तकातलं बी वाच. बोट ठेवून.”

त्यांना दिसणार नव्हतं. तरी मी बोट ठेवूनच वाचलं.