काळा कुत्रा तांबूस झाला

कुत्रा दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी मुलीच्या पायावर बोट दाबून पाहत होते. पडलेला खड्डा भरून येत नव्हता. मुलगी दोन वर्षांची. सकाळपासून तिने डोळे उघडले नव्हते आणि रडणंही सोडलं होतं. सासूबाईंनी दाराकडे पाहिलं आणि किंचाळल्या, "हा मेला काळा झाला! अगं, पीडा परत पोरीवर टाकून आला!"

कुत्रा खरंच काळा झाला होता. उन्हाळ्यात आमच्याकडून पळाला तेव्हा तो गंजलेल्या पत्र्यासारखा तांबूस होता.

आदल्या पावसाळ्यात मुलीला जुलाब लागले होते. वैद्याने दूध-डाळ बंद करून तांदळाची पेज सांगितली. जुलाब थांबले, पेज थांबली नाही. मी दुधाचं नाव काढलं की सासूबाई म्हणायच्या, "दूध बाधलंय तिला. पुन्हा हगवण लागली तर तू निस्तरणार?" मुलीचे गाल फुगले. झाशीच्या आमच्या रेल्वे कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, "बिटिया मोटी हो गई." मग केसांचा काळा रंग उतरू लागला. तेल लावताना तांबूस झुपके हातात यायचे.

सासूबाई झाशीतल्याच जुन्या मराठी घरातल्या. त्यांच्या माहेरी दृष्ट काढायची एक रीत होती. अंगावर एकही पांढरा केस नसलेला काळा कुत्रा दारात बांधायचा आणि मुलाच्या ताटातलं उष्टं तेवढं त्याला घालायचं. दुसरं काही खाल्लं तर उतारा मोडतो. माझा नवरा इंजिनांच्या शेडमध्ये फिटर. तिथे राखेच्या ढिगावर एक काळा कुत्रा झोपायचा. कामगार त्याला हाडं टाकायचे, त्यामुळे अंग तेल लावल्यासारखं चकाकायचं. नवऱ्याने तो आणला आणि अंगणातल्या नळाला बांधला. मुलगी पेज खायची, उरलेली कुत्रा खायचा.

थंडी सरता सरता त्याच्या मांड्या तांबूस दिसायला लागल्या. मग मान, मग पाठ.

"घेतोय," सासूबाई म्हणाल्या. "पीडा अंगावर घेतोय तो."

नवरा हसला. "झाशीचं ऊन आहे, आई. इथे रंगवलेल्या डब्यांचा रंग उडतो, कुत्र्याचं काय!"

"पोटाखाली कुठलं ऊन लागतं?" मी म्हटलं. मी कुत्र्याला उताणं करून पाहिलं होतं. पोट तसंच तांबूस आणि केस कोरडे, ओढले की निघत होते. मुलीचे निघायचे तसेच. मी दोन्ही केस शेजारी धरून पाहिले. कुठले कुणाचे ते रंगावरून सांगता आलं नसतं.

उन्हाळ्यात एका सकाळी पट्टा नळाला तसाच लटकत होता. मान इतकी बारीक झाली होती की पट्टा न तोडताच त्याने ती काढून घेतली. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. पुढचे काही महिने मुलगी सुजत गेली.

आणि आता, भर पावसाळ्यात, तो दारात उभा होता.

"बांध त्याला! पेज आण!" सासूबाई ओरडल्या.

मी उठून त्याची मान धरली. नवे केस दाट, काळे होते. शेपटीच्या टोकाशी तेवढा जुना तांबूस रंग उरला होता. तोंडाला मटणाचा वास येत होता.

"हा जेवून आलाय," मी म्हटलं.

"बांध म्हणते ना!"

"नाही बांधत. त्याला खायला मिळालं म्हणून तो काळा झाला. हिला मिळालं नाही म्हणून ही अशी झाली."

"माझ्यामुळे मरतेय म्हणतेस?"

"पेजेमुळे."

रात्रपाळी करून झोपलेला नवरा उठून बाहेर आला. "आई म्हणते तसं कर," तो म्हणाला.

"मग तुम्ही तिरडीचे बांबू आणायला जा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मुलीच्या पायाकडे. शर्ट घातला आणि तिला खांद्यावर घेतलं.

इस्पितळातल्या डॉक्टरणीने विचारलं, "बच्ची खाती क्या है?"

"पेज. चावल का पानी."

"और?"

"और कुछ नहीं."

मी तिला कुत्र्याचं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, केसांना काळा रंग अन्नातून मिळतो, दूध, डाळ, अंडी, मांस यांतून. नुसत्या भाताच्या पाण्यावर माणसाचा काय, जनावराचाही रंग उतरतो. "लेकिन बहुत देर से लाई हो. मैं कोई वादा नहीं करती."

चमच्याने थोडं थोडं दूध पाजायचं होतं. पहिला चमचा ओठांवरून ओघळला. दुसराही. तिसऱ्याला घसा हलला. दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या, हातात काळा दोरा. दारातूनच विचारलं, "दूध पचलं?"

"पचलं."

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. दोरा त्यांनी मुठीतच ठेवला.

कुत्रा शेडकडे परत गेला आणि त्याच पावसाळ्यात शंटिंगच्या इंजिनाखाली सापडला. सासूबाई म्हणाल्या, बघ, पीडा घेऊन गेला. पुढच्या थंडीत त्या तापाने गेल्या, तोवर हेच म्हणत राहिल्या. मी वाद घातला नाही.

मुलगी जगली.